धुराला वाट द्या

आपल्या घरात रोज दोन वेळा स्वयंपाक होतो. भाकरी भाजली जाते, भात शिजतो, भाजीला फोडणी पडते. त्याबरोबर आणखी एक वस्तू तयार होते. ती कोणी ताटात वाढून घेत नाही, तरी ती सगळ्यांच्या वाट्याला येते. ती वस्तू म्हणजे धूर.

पूर्वी नवी मुलगी सासरी आली आणि तिला माहेरच्या आठवणीने रडू आले, म्हणजे ती चुलीपुढे जाऊन बसे. कोणी विचारलेच तर म्हणे, "काही नाही, धूर लागला डोळ्यांना." धूर असा घरचाच होऊन बसला होता. त्याचे कोणाला काही वाटत नसे.

आता मात्र वाटले पाहिजे. धूर डोळ्यांपाशी थांबत नाही. त्यातले काही कण इतके बारीक असतात, की ते थेट फुफ्फुसात जाऊन बसतात. त्यामुळे लहान मुलांना न्युमोनिया होतो. मोठ्यांना जुना खोकला जडतो, दम लागतो. हृदयाचे विकार होतात, मोतीबिंदूही होतो. लाकूड, गोवऱ्या, कोळसा आणि रॉकेल यांच्या घरातल्या धुरामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब आहे. चुलीपाशी जास्त वेळ कोण असते? घरची बाई, आणि तिच्या कडेवरचे मूल.

"पण आमच्या घरी तर गॅस आहे!"

असे तुमच्यापैकी पुष्कळजण म्हणतील. चांगली गोष्ट आहे. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली, तेव्हापासून खेड्यापाड्यांतल्या पुष्कळ घरी गॅसची शेगडी आली. गॅसच्या निळ्या ज्योतीला धूर नसतो, हे खरे. पण कढईतले तेल तापले की त्याचा धूर होतो. मिरचीची फोडणी पडली की साऱ्या घराला ठसका लागतो. खूप तापलेल्या तेलात तळताना निघणारा धूर बहुधा कर्करोगाला कारण होतो, असे कर्करोगाचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने जाहीर केले आहे. म्हणून गॅस असला तरी धुराला वाट ही हवीच.

यासाठी आता पुष्कळ घरांत ओट्यावर 'चिमणी' बसवतात. ही चिमणी म्हणजे अंगणातला पक्षी नव्हे, आणि रॉकेलचा दिवाही नव्हे. हा पत्र्याचा एक डबा असतो. त्याच्या पोटात विजेचा पंखा असतो. खाली जाळी असते. पंखा धूर वर ओढतो. डब्याच्या डोक्यावर एक तोंड असते. त्या तोंडाला नळकांडे, म्हणजे पाइप, जोडतात. त्या पाइपातून धूर घराबाहेर जातो.

जातो, पण केव्हा? पाइप नीट नेला तर.

एका घरची गोष्ट

आम्ही एका तालुक्याच्या गावी एका घरी गेलो होतो. त्या घरच्या सूनबाईंनी दिवाळीला हौसेने चिमणी घेतली होती. ओट्यावर ती चकचकीत दिसत होती. बटण दाबले की घरघर आवाज येई. तरी सासूबाईंचा खोकला तसाच होता, आणि स्वयंपाकघरात वास कोंडलेला होता.

सूनबाई म्हणाल्या, "अहो आई, मशीन चालू आहे की! आवाज येतोय ना?"

सासूबाई म्हणाल्या, "आवाज येतो गं, पण धूर जातो कुठं?"

प्रश्न सरळ होता, आणि तोच खरा प्रश्न होता. आम्ही स्टुलावर चढून पाहिले. चिमणी बसवणाऱ्या माणसाने भिंत फोडायचा कंटाळा केला होता. पाइप वर नेऊन त्याने तो माळ्यावर सोडून दिला होता. माळ्यावर घरातल्या गोधड्या, पाहुण्यांसाठीच्या गाद्या आणि जुनी वह्या-पुस्तके होती. गोधडीला हात लावला, तर हात चिकट झाला. तीन महिन्यांचा तेलाचा धूर तिथे बसला होता. उरलेला धूर माळ्यावरून पुन्हा खाली घरात येत होता.

म्हणजे झाले काय? पैसे गेले, वीज जळली, आणि धूर घरातल्या घरात फिरत राहिला. शिवाय तेलकट कापूस आणि कागद ही आगीला निमंत्रणच देणारी वस्तू. सासूबाईंनी प्रश्न विचारला म्हणून ते ध्यानात आले.

त्या घरचे काम पुढे दुरुस्त झाले. ते करताना ज्या गोष्टी पाहाव्या लागल्या, त्या इथे क्रमाने सांगतो. तुमच्या घरी मिस्त्री आला, तर या गोष्टी त्याला विचारा. विचारायला लाजू नका. घर आपले आहे, छातीही आपलीच आहे.

पहिली गोष्ट : पाइप घराबाहेर उघडला पाहिजे

माळ्यावर नाही, खोट्या छतात नाही, जिन्यात नाही. शेजारच्या खिडकीसमोरही नाही. आपला धूर दुसऱ्याच्या घरात सोडणे हा काही शहाणपणा नव्हे. पाइपाचे तोंड मोकळ्या हवेत, बाहेरच्या भिंतीवर असावे. आपल्याच खिडकीला अगदी लागून ते ठेवू नये, नाहीतर बाहेर गेलेला धूर खिडकीवाटे पाहुणा होऊन परत येतो.

इमारतीत राहत असाल, तर बाहेरच्या भिंतीला भोक पाडण्याआधी सोसायटीची परवानगी घ्यावी. भोक कुठे पाडायचे, तेही पाहावे. खांब, तुळई किंवा खिडकीवरची लिंटल कधीही फोडू नये. तिच्यावर घराचा भार असतो. विटांच्या भिंतीत भोक पाडावे, आणि तेही भिंतीत विजेच्या तारा किंवा पाण्याचा नळ नाही अशी खात्री करून.

दुसरी गोष्ट : पाइप अरुंद करू नये

चिमणीचे तोंड पुष्कळदा सहा इंचांचे असते. तेव्हा पाइपही शेवटपर्यंत सहा इंचांचाच हवा. कोणी म्हणेल, "चार इंचांचे भोक तयारच आहे, त्यातून काढू. दोन इंचांनी काय बिघडतं?"

पुष्कळ बिघडते. हिशेब करून पाहू. गोल पाइपातून किती हवा जाईल, हे त्याच्या रुंदीच्या वर्गावर ठरते. सहा सक छत्तीस. चार चोक सोळा. छत्तीसच्या जागी सोळा! म्हणजे वाट निम्म्याहून कमी झाली. जत्रेतून परतणाऱ्या माणसांना एकाच बोळातून जायला सांगावे, तसे धुराचे होते. पंखा जोर लावतो, आवाज वाढतो, आणि धूर मागे फिरतो.

तिसरी गोष्ट : वाट आखूड आणि सरळ असावी

पाण्याच्या पाटाला जितकी वळणे, तितके पाणी मंद. धुराचेही तसेच आहे. म्हणून चिमणीची जागा ठरवतानाच बाहेरच्या भिंतीचा विचार करावा. शेगडी बाहेरच्या भिंतीजवळ असेल, तर निम्मे काम तिथेच झाले.

वळण द्यावेच लागले, तर एकदम काटकोनात देऊ नये. त्याऐवजी हळूहळू वळवावे, किंवा दोन अर्ध्या वळणांनी न्यावे. चिमणीच्या डोक्यावरून निघाल्यावर पाइप थोडा सरळ वर जाऊ द्यावा, मग वळवावा. तोंडाशीच वळण दिले तर पंख्याचा जोर तिथेच फुकट जातो. वळणे एक किंवा दोन, याहून जास्त नकोत.

दुकानात सुरकुत्यांचा, लांबवता येणारा अॅल्युमिनियमचा पाइप मिळतो. तो स्वस्त असतो आणि बसवायला सोपा असतो. पण त्याच्या सुरकुत्यांत हवा अडखळते आणि तेल साचते. असा पाइप वापरलाच, तर तो ताणून पूर्ण लांब करावा आणि जास्तीचा तुकडा कापून टाकावा. "राहू दे, पुढे कामाला येईल," म्हणून त्याची गुंडाळी ठेवू नये. आतून गुळगुळीत असलेला, जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचा पाइप सर्वांत बरा.

प्लास्टिकचा, म्हणजे पीव्हीसीचा पाइप इथे नको. तो पाण्यासाठी ठीक आहे. उष्णतेने तो मऊ पडतो, आणि पेटला तर त्याचा धूर विषारी असतो.

चौथी गोष्ट : बाहेरच्या बाजूला थोडा उतार द्यावा

धुराबरोबर वाफही जाते. पाइप थंड असला की वाफेचे पाणी होते. पाइपाचा उतार घराकडे असेल, तर ते तेलकट पाणी शेगडीवर टपकते. पावसाळ्यात पावसाचे पाणीही आत येते. म्हणून आडव्या पाइपाला बाहेरच्या बाजूला उतार द्यावा. दर फुटाला पाव इंच उतार पुरे. चार फुटांचा पाइप असेल, तर बाहेरचे टोक आतल्या टोकापेक्षा एक इंच खाली हवे. गवंड्याकडे पाणसळ असते. ती लावून बघायला सांगावे.

भिंतीतल्या भोकाभोवती फट राहू देऊ नये. सिमेंटने ती नीट भरून घ्यावी. पाइपाचे सांधे अॅल्युमिनियमच्या चिकटपट्टीने बंद करावेत. साधी कापडी पट्टी उष्णतेने सुटते. आतमध्ये टोक येईल असे लांब स्क्रू मारू नयेत. त्यांच्यावर तेल आणि काजळी धरते.

पाचवी गोष्ट : बाहेरच्या तोंडाला झडप हवी

पाइपाचे बाहेरचे तोंड उघडे राहिले, तर त्यात पाखरे घरटे करतात, उंदीर शिरतात, पाऊस येतो. म्हणून तिथे झडपेचे झाकण लावावे. पंखा चालू झाला की झडप हवेने उघडते. पंखा बंद झाला की ती आपोआप पडते. बारीक जाळी मात्र लावू नये. ती तेलाने लवकर बुजते, आणि मग सगळी वाटच बंद होते.

बाहेर गेलेल्या हवेची भरपाई

आता एक महत्त्वाची गोष्ट सांगतो. ती पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

पंखा घरातली हवा बाहेर फेकतो. जितकी हवा बाहेर गेली, तितकी कुठून तरी आत आलीच पाहिजे. बाटलीला तोंड लावून हवा ओढा. थोडी येते, मग येत नाही. कारण आत नवी हवा शिरायला वाट नाही. घराचेही तसेच. दारे-खिडक्या घट्ट लावून चिमणी चालवली, तर तिचा जोर कमी पडतो.

एवढ्यावरच थांबले तर ठीक. पण घरात गॅसवर पाणी तापवण्याचा गीझर असेल, किंवा शेजारच्या खोलीत चूल पेटलेली असेल, तर पंखा त्यांचा धूर उलटा घरात ओढू शकतो. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू असू शकतो. त्याला रंग नाही, वास नाही. आधी डोके दुखते, मळमळते, गुंगी येते. माणसाला वाटते, थकवा आला. तो आडवा होतो, आणि उठत नाही. न्हाणीघरातल्या गॅस गीझरमुळे बंद खोलीत माणसे अशी दगावलेली आहेत.

म्हणून चिमणी चालू असताना शेगडीपासून थोडी दूरची खिडकी उघडी ठेवावी, किंवा दार किलकिले ठेवावे. चिमणीचा पाइप गीझरच्या पाइपाला किंवा चुलीच्या धुराड्याला कधीही जोडू नये. प्रत्येकाची वाट वेगळी.

गॅसचा वास आला तर

आणखी एक गैरसमज आहे. काहींना वाटते, गॅस गळला तर चिमणी लावावी, म्हणजे तो ओढला जाईल. असे मुळीच करू नये! सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो. तो वर जात नाही, जमिनीलगत पसरतो. आणि बटण दाबताना ठिणगी पडली तर स्फोट होतो. वास आला तर कोणतेच बटण दाबू नये, चालूही करू नये, बंदही करू नये. काडी ओढू नये. रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, सगळ्यांना बाहेर न्यावे. मग बाहेरून १९०६ या क्रमांकावर फोन करावा.

कढईतल्या तेलाने पेट घेतला, तर त्यावर पाणी ओतू नये. हात पोचत असेल तर शेगडी बंद करावी, चिमणीचा पंखा बंद करावा आणि कढईवर झाकण ठेवावे. पंखा चालू राहिला तर तो ज्वाळा पाइपात ओढतो. आतला तेलाचा राप पेटतो.

साफसफाई

म्हणूनच राप साचू देऊ नये. खालची जाळी दर पंधरा दिवसांनी काढून गरम पाणी आणि भांड्यांच्या साबणाने धुवावी, वाळवावी, मग लावावी. तळण जास्त असेल तर आठवड्यानेच धुवावी. तेल साचण्याची वाटी असेल, तर ती रिकामी करावी. साफ करण्याआधी विजेचा प्लग काढावा. वर्षातून एकदा पाइप उतरवून आतून पुसून घ्यावा. बाहेरची झडप हलते का, तेही पाहावे.

चिमणी नीट ओढते का, हे ओळखायची सोपी रीत आहे. शेगडी बंद असताना पंखा लावा आणि जाळीला पातळ कागद टेकवा. कागद चिकटून राहिला तर ठीक. पडला, तर जाळी, पाइप किंवा झडप, यांपैकी काहीतरी बुजले आहे.

बिनपाइपाच्या चिमण्याही मिळतात. त्यांत कोळशाची चाळणी असते. ती हवा गाळून पुन्हा घरातच सोडते. वास थोडा कमी होतो, पण वाफ आणि उष्णता घरातच राहतात. कार्बन मोनॉक्साइडही जात नाही. कोळसा वेळोवेळी बदलावा लागतो. बाहेर वाट काढणे शक्य असेल, तर तीच काढावी.

ज्यांच्या घरी चूल आहे

चूल असणाऱ्यांनी असे समजू नये, की हे आपल्यासाठी नाही. धुराला वाट देण्याचा विचार आपल्याकडे पुष्कळ आधी झाला आहे. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाचे काम करणाऱ्यांनी धूर बाहेर नेणारी 'मगन चूल' रचली. हैदराबादचे डॉ. राजू यांनी १९५३ साली बिनधुराच्या स्वयंपाकघराविषयी पुस्तक लिहिले. १९८३ नंतर सरकारनेही देशभर सुधारलेल्या चुली बसवल्या. त्यांपैकी पुष्कळ चुली पुढे बंद पडल्या. त्याचे एक मोठे कारण साधे होते. धुराडी काजळीने बुजली, आणि ती कोणी साफ केली नाहीत.

चुलीला पंखा नसतो. तिथे काम उष्णता करते. तापलेली हवा हलकी होते आणि वर चढते. म्हणून चुलीचे धुराडे होईल तितके उभे असावे, आणि छपराच्या दोन-तीन फूट वर निघावे. डोक्यावर पावसासाठी टोपी असावी. गवताच्या किंवा लाकडी छपराला तापलेला पाइप लागू देऊ नये. महिन्यातून एकदा काजळी काढावी. घरात जुना अॅस्बेस्टॉसचा पाइप असेल तर तो कापू किंवा घासू नये. त्याची धूळ फुफ्फुसाला फार वाईट. ओट्यावरची विजेची चिमणी मात्र लाकडाच्या चुलीवर लावू नये. ती त्यासाठी केलेली नाही. ठिणग्यांनी तिच्यातले तेल पेटते.

त्या घरी पुढे काय झाले?

त्या घरी शेगडीपासून बाहेरची भिंत चार फुटांवरच होती. गवंड्याने एका सकाळी भोक पाडले. पत्र्याचा पाइप आधी दोन फूट वर नेला, मग दोन अर्ध्या वळणांनी वळवून भिंतीबाहेर काढला. बाहेरच्या बाजूला एक इंच उतार दिला, वर झडप बसवली. माळ्यावरच्या गोधड्या दोनदा धुतल्या, तेव्हा त्यांचा वास गेला.

संध्याकाळी सूनबाईंनी लसणाची फोडणी दिली. सासूबाई अंगणात गेल्या, भिंतीकडे मान वर करून उभ्या राहिल्या. झडप उघडली होती. तिथून लसणाचा वास येत होता. त्या आत येऊन म्हणाल्या, "हां, आता जातो बरं का बाहेर."

त्यांचा खोकला एका रात्रीत गेला नाही. चाळीस वर्षे चुलीचा धूर खाल्लेली छाती एका दिवसात कशी सुधारणार? त्या दवाखान्यात जातात, औषध घेतात. पण फोडणीच्या वेळी त्यांना आता पदर नाकाला लावून बाहेर पळावे लागत नाही. आणि त्यांची नात ओट्याशेजारी बसून अभ्यास करते. तिच्या छातीत हा धूर आता साठणार नाही.

आज स्वयंपाक करताना तुम्हीही एकदा वर पाहा, आणि सासूबाईंचा प्रश्न स्वतःला विचारा. आपल्या घरातला धूर जातो कुठे?